नऊ टेक आणि मंदाकाकू

आपल्यापैकी कुणीतरी त्या दिवशी रेकॉर्डचं बटण एकदा जास्त दाबलं आणि आजपर्यंत कबूल केलेलं नाही. मी नाव घेत नाही. तो आत्ता समोर बसून माझं बिस्कीट खातोय, एवढंच सांगतो.

केंदूरला आपल्या कॉलेजच्या फिल्मचं शूटिंग होतं. मुलगा पुण्याला नोकरीला निघतो, आई निरोप देते, एवढाच सीन. मुलाच्या भूमिकेत नित्या आणि आईच्या भूमिकेत त्याचीच आई, आपल्या मंदाकाकू. मी ‘ॲक्शन’ म्हटलं की काकू ताठ उभ्या राहायच्या आणि शाळेतली कविता म्हणावी तशा म्हणायच्या, “बाळा, सुखरूप जा.” मी वैतागून ‘कट’ म्हणायचो. असे नऊ टेक झाले.

संध्याकाळी लॅपटॉपवर पाहिलं, तर एकही टेक नाही! सुरुवातीलाच बटण एकदा जास्त दाबलं गेल्यामुळे ॲक्शनला कॅमेरा बंद होत होता आणि कटला सुरू. फिल्म तर सकाळी जमा करायची होती.

पण मधलं सगळं रेकॉर्ड झालं होतं. काकू नित्याची कॉलर नीट करत म्हणत होत्या, “सकाळधरनं उपाशी हाईस, धपाटं खा आधी. खरंच पुण्याला गेलास, तर मला म्हाईत हाय, एक फोन करायचा न्हाईस.” नित्या मान खाली घालून उभा. आम्ही तेच लावलं.

सरांनी विचारलं, “एवढा अभिनय कसा काढून घेतलास?” मी ‘वास्तववाद’ म्हणून मोकळा झालो.

काकूंना मात्र मोबाइलवर फिल्म दाखवताना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मंग बाबा, तू ॲक्शन ॲक्शन कशाला वरडत व्हतास? त्यानंच तर मी बिघडत व्हते!”