अकरा ते एक

ताई: माझ्या संगणकावरचं पुसायचं ते पूस ना एकदाचं. चार वाजता माझा निरोप समारंभ आहे, आणि तू तासभर त्या डबड्यासमोर बसलायस. माझा काही जीव अडकलेला नाही त्यात.

दुरुस्तीवाला: पुसतो, ताई. पण आधी जरा इकडे या. काहीतरी टाइप करा.

ताई: आता काय टाइप करू? ड्रॉवरसुद्धा रिकामा केला मी.

दुरुस्तीवाला: काहीही करा. तुमचं नाव करा.

ताई: नाव करते. घे. हे काय?

दुरुस्तीवाला: काय झालं?

ताई: अक्षरं येतायत. म्हणजे बोट टेकलं की लगेच येतायत. काय केलंस तू? नवीन काही बसवलंस? मी चालले त्या दिवशी?

दुरुस्तीवाला: बसवलं नाही, ताई. काढलं. अँटिव्हायरस काढला एक.

ताई: तो लागतो ना? त्याच्याशिवाय मशीन आजारी पडतं, असं तूच सांगत फिरायचास.

दुरुस्तीवाला: एक लागतो. तुमच्यात दोन होते. म्हणजे, दोन वर्षांपूर्वी ऑफिसला नवा घेतला ना, तेव्हा जुना काढून मग नवा टाकायचा होता. जुना काढायला पासवर्ड मागत होता, तो माझ्याकडून हरवलेला. कुणाला विचारायची लाज वाटली. म्हटलं, राहू दे, एकाच्या जागी दोन पहारेकरी. बाकीची मशीनं नवी आली, त्यांच्यात जुना नव्हताच. जुनं असं तुमचं एकटंच. त्यात तुम्ही फाइल उघडली की दोघंही ती तपासणार, वर एकमेकांवर संशय घेणार.

ताई: एका स्वयंपाकघरात दोन सासवा.

दुरुस्तीवाला: तसंच. आज कंपनीकडून पासवर्ड मागून घेतला, तेव्हा जुनी गेली. आणि अजून एक आहे. अँटिव्हायरसला रोज एकदा सगळं मशीन धुंडाळायचं असतं. हे काम ऑफिस सुटल्यावर लावतात. पण आपल्याकडे सहा वाजले की शिपाई मेन स्विच पाडतो. म्हणून मी ते दोघांचंही दिवसा लावलं.

ताई: अकराला.

दुरुस्तीवाला: तुम्हाला कसं माहीत?

ताई: अकरा ते एक माझी बोटं जड व्हायची. डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले, साखर खाली जात असेल, अकराच्या आधी काहीतरी खात जा. दीड वर्ष बिस्किटं खातेय मी. आणि तपासण्या किती केल्या. रक्ताच्या, डोक्याच्या. घरी कुणाला सांगितलंसुद्धा नाही. सोसायटीच्या मीटिंगला जाते म्हणायचे आणि दवाखान्यात जाऊन बसायचे.

दुरुस्तीवाला: ताई...

ताई: थांब, मला विचार करू दे. कळ दाबली, अक्षर आलं नाही, म्हणून मी पुन्हा दाबायचे. मग दोन्ही एकदम यायची. तसंच झालं असणार ते बैठकीच्या पत्राचं. दोन तारीख लिहायची होती, बावीस झाली.

दुरुस्तीवाला: हो. तसंच झालं असणार.

ताई: पाहुणे आलेच नाहीत. साहेब रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून राहिले. पत्र मी वाचून बघायला हवं होतं, पण पान वर-खाली करायलाच पाच मिनिटं लागायची. कंटाळले मी. तेवढी चूक माझी.

दुरुस्तीवाला: तुमची नाही ती.

ताई: तुम्ही नका सांगू मला. त्यानंतर साहेबांनी मशीन तपासायला सांगितलं होतं ना तुम्हाला?

दुरुस्तीवाला: अहो-जाहो नका करू, ताई.

ताई: सांगितलं होतं ना?

दुरुस्तीवाला: हो.

ताई: मग हे तेव्हा का नाही दिसलं?

दुरुस्तीवाला: मी मशीन उघडलंच नाही. खाली चहा पीत होतो. साहेबांचा फोन आला, रिपोर्ट लगेच हवा म्हणाले. तिथेच कागदावर लिहून दिलं, संगणकात दोष नाही. मला वाटलं... सगळेच म्हणत होते ना, ताईंचं वय झालं. मलाही तेच वाटलं.

ताई: मलाही तेच वाटलं. तुमचं राहू द्या, मलाच वाटलं. लेकीला सांगितलं मी, नातीला माझ्याकडे ठेवत जाऊ नकोस, माझा भरवसा नाही. ती म्हणाली, आई, असं काय बोलतेस? काय सांगणार तिला? तीन वर्षांचं पोर. शेजारच्या पाळणाघरात जातं आता. सकाळी माझ्या दारावरून नेतात, तर दार बंद करून घेते मी. लाज वाटते.

दुरुस्तीवाला: मी साहेबांना सांगू का?

ताई: मला काय विचारता?

दुरुस्तीवाला: म्हणजे, तुम्ही सांगितलंत तर... तुमचं ऐकतील ते. माझं वर्षावर्षाच्या कराराचं काम आहे इथे. रिपोर्टखाली सही आहे माझी. मुलांच्या...

ताई: मुलं सगळ्यांनाच आहेत. सही तुमची आहे, माझी नाही. मी तोंड उघडणार नाही. तुम्ही नाही सांगितलंत तर चारला हार घालून घेईन आणि घरी जाईन. जायचं असेल तर आत जा, नाहीतर ते पुसायचं काम करा.

(दुरुस्तीवाला साहेबांच्या खोलीत जातो. बऱ्याच वेळाने दोघं बाहेर येतात.)

साहेब: बसा ताई, उठू नका. यांनी सांगितलं मला.

ताई: बरं.

साहेब: हे आधी कळायला हवं होतं.

ताई: तुम्ही विचारलं होतंत. त्यांनी उत्तरही दिलं होतं.

साहेब: असो. म्हणजे, असो नाही. पण तुमच्या जागेवर नवी मुलगी आज रुजू झाली. आणि निवृत्तीचा अर्ज तर तुम्ही स्वतः दिला होता.

ताई: स्वतःच टाइप केला. दहा ओळींना दीड तास लागला, तेव्हा खात्रीच पटली माझी. पण त्याआधी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात, ताई, आता झेपत नसेल तर सांगा. मी मान डोलावली. ऑफिसातल्या मुलांनी खाली बघितलं.

साहेब: तसं बोलायला नको होतं मी.

दुरुस्तीवाला: साहेब, चूक माझी आहे. चारला सगळ्यांना मीच सांगतो.

साहेब: तुम्ही तुमचं सांगा. माझं मला सांगावं लागेल. ताई, नोकरी परत देता येईल असं मी आज म्हणू शकत नाही.

ताई: नोकरी मागितलीच नाही मी. जे सगळ्यांसमोर बोललात, ते सगळ्यांसमोर परत घ्या. तुम्ही भाषण वाचून दाखवता ना, मग ते कागदावर असू दे. एक प्रत मी घरी नेणार आहे, लेकीला दाखवायला.

साहेब: भाषण तयार आहे माझं.

ताई: ते खिशात राहू द्या. नवीन सांगा, मी टाइप करते. किती वाजले?

दुरुस्तीवाला: बारा वाजून दहा.

ताई: सांगा साहेब.

साहेब: लिहा. 'आमच्या कार्यालयातील ज्येष्ठ टंकलेखिका आज निवृत्त होत आहेत. गेली दोन वर्षं त्यांचं काम मंदावलं असं मी...' ताई, हे असंच लिहायचं का?

ताई: 'मंदावलं असं मी.' झालं.

साहेब: '...असं मी सर्वांसमोर बोललो. ते...' एक मिनिट हं.

ताई: पुढचं सांगा, साहेब. मी कधीची थांबलेय.