भिंतीवरची शेवटची जुडी

डोळ्यांच्या दवाखान्यात घड्याळजी कोपऱ्यातली खुर्ची धरून बसले होते. समोरच्या बाकावर दोघी बहिणींची कुजबुज चालली होती. त्यांची आई आत डॉक्टरांकडे होती.

"ताई, आईच्या खोलीत लव्हेंडरच्या जुड्या उलट्या टांगल्यात, त्या बघितल्यास?"

"त्यात काय बघायचं? बाबा दर वर्षी आणायचे, आई वाळवायची. त्या फुलांच्या वासानं कपड्यांना कसर लागत नाही."

"काल धूळ झटकायला काढल्या. सगळ्या भुरक्या पडल्यात, हात लावला की भुगा."

"पडणारच. बाबांना जाऊन किती वर्षं झाली!"

"शेवटची मात्र गर्द जांभळी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तिचे देठ अजून हिरवट आहेत, ताई."

"काहीतरीच! तिनंच विकत आणली असेल."

"तुटकी चप्पल शिवून शिवून घालणारी आपली आई? स्वतःसाठी फुलं?"

"मग विचारायचंस ना तिला!"

"विचारलं. म्हणाली, सगळ्या तुझ्या बाबांच्याच."

"अगं बाई! आई खोटं बोलली?"

"तोंडावर!"

"हळू बोल, लोक ऐकतायत."

घड्याळजींनी मांडीवरची कागदी पिशवी अलगद खुर्चीखाली सरकवली.

तेवढ्यात दार उघडलं. औषध घातल्यामुळे आईला सगळं धूसर दिसत होतं. मुलींनी दोन्ही बाजूंनी तिचे हात धरले. खुर्च्यांपाशी येताच ती थबकली आणि तिनं नाक वर करून खोल श्वास घेतला.

"घड्याळजी," ती कोपऱ्याकडे बघत म्हणाली, "तुम्हाला फाटकापाशी थांबा म्हटलं होतं ना?"