श्रीधरची टाकी

मंडळी, एवढ्या बर्फातून ड्राइव्ह करून आलात. शैलावहिनी, मीना, तुमच्यासमोर उभं राहून श्रीधरबद्दल बोलणं मला जड जातंय. त्यातून वहिनी म्हणाल्या, "भावजी, खरं तेच बोला." मग खरं सांगतो. मला श्रीधरचा हेवा वाटायचा. अजून वाटतो.

मिलवॉकीच्या एकाच ब्रुअरीत आम्ही दोघं इंजिनिअर. बीअरच्या टाक्या धुतल्या की आंबूस, घाण पाणी उरतं. ते साफ करायचं काम माझं. माझे ब्लोअर त्यात दिवसभर हवा सोडायचे आणि वीज खायचे. तेलटंचाईतल्या पेट्रोलच्या रांगा नुकत्याच होऊन गेलेल्या, बिलं बघून मॅनेजर हैराण. तेव्हा हा पठ्ठ्या म्हणाला, "हवा कशाला? पाणी बंद टाकीत घाला. आतले जंतू त्यातली घाण खातील, गॅस देतील. बॉयलरला वापरू."

मी म्हटलं, असली टाकी चालणार नाही. चालली. टाकीशेजारी उभा असलेला त्याचा फोटो पेपरात आला. माझ्या ब्लोअरचा फोटो कुणी काढला होता?

टाकीला तो घरच्या विरजणासारखं जपायचा. आपल्यापैकी कुणीही इंडियाला निघालं की विरजण कुणाकडे ठेवायचं? श्रीधरकडे. माझ्याकडे कुणी ठेवलंय कधी? हात वर करा.

बघा.

थँक्सगिव्हिंगला ब्रुअरी चार दिवस बंद. आमच्याकडे जेवता जेवता हा उठला. म्हणाला, "टाकी उपाशी आहे. आज थोडं दिलं नाही तर सोमवारी एकदम खाईल आणि आंबून बसेल." मीना, तू म्हणालीस, "डॅड, इट्स अ टँक, नॉट अ बेबी." तरी गेलाच. माझी बायको म्हणाली, "भावजींचं ताट झाकून ठेवते." माझं ताट तिनं कधी झाकलं नाही. मंडळी, हे मी विसरलेलो नाही.

रोज लंच झाला की मी त्याच्या टाकीकडे जायचो. वास घ्यायचो. बॉयलरच्या काचेतून ज्योत बघायचो. आज तरी बंद पडली असेल, या आशेनं.

शेवटी शेवटी हॉस्पिटलमध्ये त्यानं मला जवळ बोलावलं. "टाकी तू घे."

मी म्हटलं, "मी? अरे, ती बंद पडावी म्हणून मी टपून बसलोय."

"माहीत आहे की. म्हणूनच तुला देतोय. माझ्याशिवाय तिच्याकडे रोज बघणारा दुसरा आहे कोण, यार? वास जरा बिघडला की मला कळायच्या आधी तुझा चेहरा खुलायचा. तो बघून मी तिचं खाणं कमी करायचो."

म्हणजे इतकी वर्षं त्याची टाकी मी जगवत होतो. आणि त्यानं मला पत्ता लागू दिला नाही. आता चिडायचं तरी कुणावर?

आज सकाळी टाकीला खाणं घालून मगच इकडे आलो. नेहमीपेक्षा थोडं कमीच घातलं. वास ठीक होता. ज्योतही रोजच्यासारखीच. श्रीधर गेला, हे तिला कळलेलंच नाही. मला तिचाही हेवा वाटला.

श्रीधर, टाकी चालू आहे. आज पहिल्यांदाच, ती बंद पडू नये असं मला वाटतंय.

मंडळी, उठा. त्याच्यासाठी थोडा वेळ शांत उभे राहू या.