देखाव्यातली विनाशिका

अमेरिकेतल्या शुगर लँडच्या मराठी मंडळात, प्रसादाच्या रांगेत पद्मिनीच्या पुढे दोघांची जुंपली होती.

"काका, गणपतीच्या देखाव्यात जपानी युद्धनौकेचं, विनाशिकेचं मॉडेल? निदान तिच्यावरचा तो युद्धातला झेंडा तरी काढा."

"का रे निमिष? दुसऱ्या महायुद्धात उपाशी सैनिकांना तांदूळ पोचवला तिनं. तोफा धडाडत असताना बुडणाऱ्यांना उचलायला परत फिरली, तेव्हा हाच झेंडा होता."

"पण अमेरिकन गेस्ट आलेत! कोणी त्या वॉरमध्ये असेल तर?"

"आहे ना. माझा नव्वदीतला शेजारी वॉल्टर. त्याचं जहाज हिनंच बुडवलं."

"मग तर काढाच!"

"झेंडा त्यानंच रंगवून दिलाय. म्हणाला, हा नसेल तर मी लढलो कोणाशी?"

"काय सांगता!"

"काढायचाय ना? त्यालाच सांग. या बाईंच्या मागे प्लेट घेऊन उभा आहे."

पद्मिनी बाजूला सरकली.