शाफ्टवरची खडूची रेघ

माझं गाव तिकडं माणदेशात, आटपाडीच्या अंगाला, नाव सांगून तुम्हाला कळायचं न्हाई. आमच्याकडं कसं हाय, शाळेत ज्याचं मन लागत न्हाई त्यो पोरगा गलाईला जातो. गलाई म्हणजे सोनाराकडचं जुनं सोनं, चांदी, दुकानातला झाडलोटीचा कचरासुद्धा, ॲसिडात नि भट्टीत घालून शुद्ध करायचं काम. जिथं सोनार तिथं आमच्या भागातला माणूस, मद्रासला बघा, केरळात बघा. मी आठवीत दोनदा बसलो आन मास्तर म्हणाले, आता ह्याला मावशाकडं धाडा. मावसा तंजावरला. आईनं बाजरीच्या भाकरी बांधून दिल्या त्या तिरुचीपर्यंत पुरल्या, पुढं सगळा भात. उतरलो तर जिकडं बघावं तिकडं पाणी, खाचरं, कालवे, आन लोक त्या पाण्याकडं मान वळवूनसुद्धा बघत न्हाईत. टँकरच्या गावचा मी, मला त्या पाण्याची भीतीच वाटली, खोटं कशाला सांगू.

गलाईचा धूर मला सोसला न्हाई. पिवळा धूर असतो त्यो, छातीत बसतो. वर्षाच्या आत खोकून खोकून मी निम्मा झालो, तवा मावसा म्हणाला, गावाला परत गेलास तर तुझी आई मला काय म्हणंल, चल. आन त्यानं मला तिरुवैयारुच्या रस्त्यावर राव अण्णांच्या गॅरेजवर नेऊन उभं केलं.

राव अण्णा इथलेच, पण मराठी. पिढ्यान् पिढ्या इथं राहून त्यांची मराठी जुनी नि तमिळच्या चालीवर डोलणारी, बाहेर तमिळ, घरात मराठी, आन अक्षर एकही वाचता यायचं न्हाई मराठीतलं. त्यांनी मला काम येतं का विचारलं न्हाई, शाळा विचारली न्हाई. म्हणाले, जेवलास की रे? भात होणा का तुला? होणा म्हणजे पाहिजे, हे त्यांचं बोलणं. वर्षभरानं मावशाशिवाय कुणी मला मराठीत जेवायचं विचारत होतं. मी रडलो. वैनींनी, म्हणजे अण्णांच्या मंडळींनी, पान वाढलं. त्या दिवसापासनं आज वीस वर्षं मी त्या घरचं खातोय. हे मी परत परत सांगतो असं तुम्हाला वाटंल, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगायला तोंड न्हाई मला.

अण्णांचा हात. इथं पापनाशमपर्यंत सगळ्या गाडीवाल्यांना ठाऊक होता त्यो हात. गाडी थरथरते म्हणून कुणी आलं की दुसरे लोक लगेच चाकं काढतात, अण्णा आधी गाडीत बसायचे. किती स्पीडला सुरू होतं, किती स्पीडला जातं. स्टेअरिंग हलत असंल तर पुढच्या चाकात बघ, सीट हलत असंल तर मागं बघ. सत्तरला न्यायची, न्यूट्रल करायची, तरीही थरथर राहिली तर इंजिनाचा दोष न्हाई, इंजिनाला उगाच शिव्या देऊ नको. आन हे सगळं होईस्तोवर त्यांचा तळवा सीटखाली, पत्र्यावर सपाट. मला म्हणायचे, तानू, ड्रायव्हर खोटं बोलेल, गाडी बोलत न्हाई, तू हात लाव. मीही हात लावायला शिकलो. पुस्तकात जे जमलं न्हाई ते हातात जमलं.

आता सेल्वमचं सांगतो. सेल्वमकडं मोठी पिकअप, तिरुवैयारुकडनं केळीचे घड आन केळीची पानं भरून रोज तिरुचीला न्यायचा. माझ्याच वयाचा, तोंड कधी बंद न्हाई, मला मराठी तंबी म्हणायचा, तंबी म्हणजे धाकटा भाऊ. आयुधपूजेच्या आदल्या दिवशी त्यो गाडी घेऊन आला, शाफ्टचा क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या सांध्यातला तुकडा, झिजून गेला होता. गिअरबॉक्सपासनं मागच्या चाकांपर्यंत जो लांब दांडा फिरतो त्यो शाफ्ट. मोठ्या पिकअपला त्यो दोन तुकड्यांचा असतो, एकाचे दाते दुसऱ्यात बसतात, आन मध्ये एक बेअरिंग त्याला धरून असतं. ते दोन तुकडे सोडवायच्या आधी दोन्हीवर मिळून एक खूण करायची, म्हणजे परत तसेच्या तसे बसतात. एक दाता इकडं तिकडं झाला की सगळी गाडी थरथरते, मधलं बेअरिंग मार खातं. अण्णांनी शिकवलं होतं, छिन्नीनं टोचा मार, लोखंडावरची खूण लोखंडाचीच पाहिजे. त्या दिवशी छिन्नी पूजेसाठी धुवायला टाकलेली. उंबऱ्याशी वैनींचा कोलम काढायचा खडू पडला होता, कोलम म्हणजे आपली रांगोळी. मी त्या खडूनं पांढरी रेघ मारली नि शाफ्ट सोडवला.

दुसऱ्या दिवशी पूजा. आपल्याकडं खंडेनवमी, तीच. पण इथं गॅरेजात त्या दिवशी जे चालतं ते तुम्ही बघायला पाहिजे. पाना, जॅक, हातोडा, झाडून सगळं रॉकेलनं धुवायचं, पुसायचं, केळीच्या पानावर मांडायचं, चंदनाचा पट्टा, कुंकू, चुरमुरे, गूळ. सकाळपासनं मी पुसत होतो. मला लई चांगलं वाटत होतं त्या दिवशी. घर सोडून इतक्या लांब, पण माझ्या हाताला हत्यारं हायत, माझं पान हाय. सेल्वमचा शाफ्ट भिंतीला टेकवून ठेवला होता, काळाकुट्ट, ग्रीस माखलेला. कुणी सांगितलं न्हाई मला. मीच म्हणालो, ह्यानं तरी काय पाप केलंय. घेतला नि दोन्ही तुकडे आरशासारखे पुसले, तीन बोटं चंदन ओढलं, कुंकू लावलं. अण्णा बघून हसले, म्हणाले, बायकोला नटवावं तसं नटवलास की रे.

दसऱ्याच्या सकाळी पूजा हलवली, नवा क्रॉस बसवला, शाफ्ट जोडायला घेतला, आन रेघ न्हाई. रेघ मीच पुसली होती.  अण्णांना सांगायला पाहिजे होतं. खडूनं खूण केली हे सांगायची लाज वाटली, पूजेत पुसली हे सांगायची त्याहून जास्त. दात्यांवरचा झिजेचा डाग बघितला, डोळ्यानं अंदाज घेतला आन बसवला.

चौथ्या दिवशी सेल्वम हजर. साठला सुरू होतं, सत्तरला सगळी सीट थरथरते, ऐंशीच्या पुढं जरा कमी. म्हणाला, मराठी तंबी, केळी भरतो इथं नि तिरुचीत उतरवतो पळणीचं पंचामृत. पळणीच्या मुरुगनचा प्रसाद त्यो, केळी कुस्करून करतात. सगळे हसले, मीही हसलो. मंग मी चाकांचं बॅलन्सिंग केलं. न्हाई गेलं. पुढची चाकं मागं, मागची पुढं. न्हाई गेलं. मागचे ब्रेकचे ड्रम उघडले. न्यूट्रल करून बघितलं, तरी तेच. स्टेअरिंग गप्प, सीट थरथरते. राहिलं काय मंग? शाफ्ट. तेवढ्यालाच मी हात लावला न्हाई. मला माहीत होतं म्हणालो तर पुरतं खरं न्हाई, माहीत नव्हतं म्हणालो तर साफ खोटं.

शेवटी सेल्वम म्हणाला, अण्णांनाच बसवा. पापनाशमच्या रस्त्याला गेलो. सेल्वम चालवत होता, मध्ये अण्णा, खिडकीला मी. साठ, पासष्ट, सत्तर. माझ्या दाढांपर्यंत थरथर येत होती, समोर ठेवलेल्या बाटलीतलं पाणी शहारत होतं. अण्णांचा तळवा सीटखाली. आता एक गोष्ट सांगतो, ती मला तवा ठाऊक होती. अण्णांना शुगर. वर्षभर मी बघत होतो, गरम सायलेन्सरला बोटं लागायची, कातडी भाजायची, त्यांना कळायचं न्हाई. आंघोळीचं पाणी वैनी आधी हात घालून बघायच्या. हे मी कुणाला बोललो नव्हतो, अण्णांनाही न्हाई. ज्यानं अन्न दिलं त्याला कसं सांगायचं, तुमचा हात गेला म्हणून?

मी तोंड खिडकीकडं केलं. बाहेर कालव्याच्या कडंनं नारळ पळत होते. अण्णा म्हणाले, न्हाई रे. गेलं ते.

 सेल्वमनं गाडी बाजूला घेतली, माझ्याकडं वळून म्हणाला, तंबी, तू सांग. मी म्हणालो, अण्णा म्हणाले ना, मंग गेलं.

एवढंच माझ्या तोंडातनं निघालं. आजही कानात ऐकू येतं मला ते.

बारा-तेरा दिवस गेले असतील. सकाळच्या फेरीला, घड भरलेले, मधलं बेअरिंग फुटलं, शाफ्ट खाली पडला, रस्त्यात रुतला नि गाडी उचलून कालव्यात. सेल्वम जगला. डावा गुडघा गेला, वाकतच न्हाई. डावा पाय क्लचचा असतो. आता तुम्हीच समजा.

मला कुणी एक शब्द बोललं न्हाई. सगळे म्हणाले, रावांनी स्वतः बसून बघितलं होतं, रावांचा हात गेला आता. चहाच्या टपरीवर, पार्टच्या दुकानात, तेच. अण्णा सेल्वमच्या घरी गेले, त्याच्या बायकोपुढं हात जोडून उभे राहिले, माझा दोष म्हणाले, मी मागं उभा. आन त्यानंतर गाडीत बसायचं त्यांनी सोडलं. खुर्चीवर बसून राहायचे, हात मांडीवर पालथे टाकून, दुसऱ्याचे असल्यागत.

वर्षभर मी ते बघितलं. पानात निम्मं तसंच टाकायचो, वैनी म्हणायच्या, सार बरं झालं न्हाई का आज. परत आयुधपूजा आली. हत्यारं पुसायला घेतली आन मला पुसवेना. फडकं टाकलं, अण्णांच्या पुढं जाऊन बसलो नि सगळं सांगितलं. खडू, चंदन, पुसलेली रेघ, दाढांपर्यंतची थरथर. म्हणालो, दोष तुमच्या हाताचा नव्हता अण्णा, माझा होता.

 मंग अण्णा जे बोलले ते असं, की हात तर माझा दोन वर्षं आधीच मेला होता रे. तवापासनं ट्रायलला मी तुझ्या तोंडाकडं बघत होतो. थरथर असली की तुझ्या कपाळाला आठी पडते. ती बघून मी सांगायचो. त्या दिवशी तू तोंड खिडकीकडं केलंस. मला वाटलं, पोरगा निवांत बाहेर बघतोय, म्हणजे गेलं असंल.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. उठले, फडकं उचललं, माझ्या हातात दिलं आन म्हणाले, सेल्वमलाही सांगून ये, जा.

सेल्वमनं ऐकून घेतलं, गुडघ्यावर हात ठेवून. शेवटी म्हणाला, म्हणजे पंचामृत झालंच म्हण, तंबी. कुणी हसलं न्हाई. त्यानंतर सहा महिने बोलला न्हाई माझ्याशी. आता बोलतो. तिरुवैयारुच्या बस स्टँडवर केळीची पानं विकतो, बसून. तंबी म्हणतो अजून, पण चेष्टा करत न्हाई.

तुम्ही तंजावरचा राजवाडा बघायला आलात, तुमची गाडी थरथरली म्हणून माझ्यापुढं बसलात, आन मी हे काय काढून बसलो. पण मराठीत सांगायला दुसरं कोण हाय मला? घरी आईला फोनवर सांगतो, बरं चाललंय. चाललंयच. शाफ्ट सोडवताना छिन्नीनं दोनदा टोचा मारतो. गाडी सोडायच्या आधी अण्णांना हात धरून शेजारी बसवतो, नको म्हणत असले तरी. सवयीनं त्यांचा तळवा सीटखाली जातो. मी पुढं रस्त्याकडं बघतो आन तोंडानं मोठ्यानं सांगत जातो, साठ, काही न्हाई, सत्तर, थोडी हाय अण्णा, मागनं येते. ते मान हलवतात. दिसतं त्यांना अजून, देवानं तेवढं ठेवलंय, ते तसंच राहू दे. सेल्वमचा पाय परत मागायला मला तोंड न्हाई.

चला, तुमच्या गाडीचं बघू. कितीला सुरू होतं म्हणालात?