सूत खात्यातली बिनआवाजाची बोली

माहा जलम भिवापूरच्या बाजूच्या एका खेड्यातला. माय मिरचीच्या सातऱ्यावर जाये, सातरा म्हंजे जिथं बाया ओळीनं बसून मिरचीचे देठ तोडतेत ते, आनि घरी आली की तिचे हात असे जळत की भाकरी आमालेच थापा लागे. पन माय लय बोलकी. सातऱ्यावर कोन कशी बोलली, कोनती कोनाले काय म्हनली, सारं आवाज काढून काढून सांगे, आमी हसून हसून लोळू. मानूस बोलते कसं, हे आयकाचं याड मले तिथूनच लागलं असन. बारावी झाली, लग्न झालं, बुटीबोरीले आली. घरवाला टेम्पो चालवते. मी सूतगिरनीत लागली, सूत कातायच्या खात्यात.

आता गिरनीचं काय सांगू तुम्हाले, सूत कातायच्या मशीनी एकदा चालू झाल्या की बाजूची बाई कानात बोंबलली तरी आयकू येत नाई. म्हनून तिथं साऱ्या बाया हातानं बोलतेत. कोनी ओडिशाची, कोनी बिहारची, कोनी आमच्यावानी इथलीच, तोंडाच्या भाषा साऱ्याइच्या अलग, पन हाताची एकच. धागा तुटला, सायब येऊन राहिला, हे तं सोडाच, सासू काय म्हनली, कालच्या वरातीत नवरदेव कसा पडला, सारं हातानं. नवी बाई आली की महिना दोन महिन्यात शिकून जाते. कोनी शिकवत नाई.

माही पोरगी पाचवीत गेली तवा मी बी.ए.ले नाव टाकलं. दुपारपाळी मागून घेतली, सकाळी बसनं नागपूर, कॉलेज केलं की वापस बुटीबोरी. गल्लीतल्या बाया म्हनत, काहून वं वंदना, या वयात बी.ए.? कलेक्टर होतं का? मी हसून सोडून देत जाऊ. पन रातच्याले, खोटं काहून बोलू, मलेही वाटे का आपून हे कायले करून राहिलो.

दुसऱ्या वर्साले आमच्या मराठीच्या बाईनं सांगितलं, विद्यापीठानं एक उपक्रम काढला हाये, बी.ए.च्या ज्या पोरापोरीइले भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान असल्या विषयाची खरीच आवड हाये त्याइच्यासाठी. दर शनिवारी बसाचं, वाचाचं, वाद घालाचा, लायब्ररी खुली, आनि वर्सभर एक विषय स्वतः शोधून शेवटी साऱ्याइसमोर मांडाचा. मी म्हनलं, बाई, तिथं सारे इतकुशे पोट्टे असतीन, मले काकू म्हनतीन. बाई म्हनल्या, म्हनू दे काकू, पन जाय. त्याच माह्या मार्गदर्शक झाल्या.

पैल्या शनिवारी साऱ्याइले आपापला विषय विचारला. एकानं किल्ले म्हनलं, एकीनं कविता म्हनलं, माही बारी आली तं मी म्हनलं, आमच्या खात्यातली हाताची बोली. पोट्टे कान टवकारून आयकाले लागले. पन उपक्रमाचे मोठे सर होते भाषाशास्त्राचे, त्याइनं सीधा विचारलं, हे तर इशारे आहेत, याला बोली का म्हणायचं? हात तर चौकातला ट्रॅफिक पोलीसही दाखवतो. मी वही बंद केली. खाली बसली. बसमंदी पुरा रस्ता खिडकीकडे तोंड करून बसली आनि ठरवलं, पुढच्या शनिवारी नाई जाचं.

दुपारपाळीले खात्यात उभी, तं चार मशीन पल्याड सुकांती. ओडिशाची हाये, माही पक्की मैतरीन. तिनं हातानंच विचारलं, तोंड काहून पाडलं? मी हातानं सांगितलं, सर म्हनले हे बोलनं नोहे. ती हातानं म्हने, आन त्या सरले इथं, असल्या शिव्या देतो का त्याले समजलं बी पाहिजे न लागलं बी पाहिजे. आमी दोघी इतक्या हसलो! आनि हसता हसता मी एकदम थांबली. सर तं इथं नाई. गोष्ट तं सकाळची. आनि आमी हातानं त्याइच्याबद्दलच बोलून राहिलो.

शनिवारी धावतच गेली. बाईले सांगितलं तं बाई खुर्चीवरून उठल्याच. म्हनल्या, अवं वंदना, हाच तर जवाब हाये! पोलीस हात दाखवून काल काय झालं ते सांगते का? समोर नाई त्याची चुगली करते का? मंग काय, वर्सभर लागली मी. काल कसं म्हनतेत, उद्या कसं, खोटं कसं, मस्करी कशी. आखरीले बाया मलेच पकडून सांगत, हे पाय, हे नवीन निघालं.

मांडाच्या दिवशी हॉल भरला होता. गिरनीतल्या बाया आल्या, घरवाला टेम्पो बाहेर उभा करून मांगं उभा राहिला. माहं बोलनं झालं, अन् सर उठले. म्हनले, एक करून पाहू या. सुकांतीले हॉलच्या त्या टोकाले उभं केलं आनि माह्या कानात म्हनले, सांगा तिला, माझी आजी दुधात मीठ टाकायची. मी हात उचलले. आजीचं जमलं, दुधाचं जमलं, पन मिठाले आमच्या खात्यात हातच नाई! मी मनगट चाटून दाखवलं. सुकांती तिथूनच जोरानं म्हने, सर की दादी दूध में पसीना डालती थी!

हॉल असा हसला, असा हसला! मले वाटलं, गेलं सारं. पन सरच सगळ्याइत जास्त हसत होते. म्हनले, बघा, नुसत्या इशाऱ्याचा असा घोटाळा होतच नाही. हिला शब्द मिळाला नाही म्हणून हिनं नवा घडवला, तिनं त्याचा आपला अर्थ लावला. ही बोलीच आहे. माझं त्या दिवशीचं म्हणणं मी मागं घेतो. मंग ज्या टाळ्या पडल्या! अन् आमच्या बायाइनं टाळ्या नाई वाजवल्या, साऱ्याइनं मिळून दोन्ही हात वर करून आमच्या बोलीत शाबास म्हनलं. घरवाला खिशात रुमाल शोधून राहिला होता.

आता मी एम.ए.ले हाये, भाषाशास्त्र. गिरनी चालूच हाये. कोनी विचारते, इतकं शिकून नोकरी कोनती भेटन? मी म्हनतो, नोकरी तं पैलेच होती बावा, मले शिकाचं होतं.

उपक्रमाच्या नव्या पोराइसोबत शनिवारी मीही बसतो. मांगच्या शनिवारी लकडगंजची एक पोरगी दारातच उभी. तत्त्वज्ञान शिकाचं म्हने, अन् घरचे म्हनतेत नर्सिंग कर. मले विचारे, काकू, यानं होते काय? मी म्हनलं, होते काय ते तूच पाहाचं माय. पन तुह्या मनात जे प्रश्न हायेत, ते विचाराले इथं जागा हाये अन् कोनी हसत नाई. सुखी राहा, आत ये.

आली पोरगी. अन् सीधी पैल्या बाकावर जाऊन बसली.