आजी आणि शिंगवाला पैलवान

भोर स्टँडवर पासलीच्या एसटीची वाट बघत माझ्या शेजारी आजी-नात भांडत होत्या. आजीच्या मोबाईलमधली जागा संपली होती.

"सुले, माझ्या रेडकाचा व्हिडिओ पुसायचा न्हाई. तुझा मारामारीचा गेम काढ."

"लई भारी गेम हाय, आजे! डाव शिकायला महिना गेला माझा."

"पडलेल्याला लाथा घालत्यात! आपल्या जत्रंत पाठ टेकली की कुस्ती सुटती."

"ह्या शिंगवाल्याला पाडून दाव. न्हाई जमलं तर रेडकू पुसणार."

"आण. कुठलं बटण?"

"कुठलंबी दाब."

"ह्येच दाबते सारखं."

"आजे... पडला की गं! मला महिनाभर जमलं न्हाई!"

"चष्मा न लावता मी जिकते, त्यो कसला गेम? काढ!"